रिव्हॉल्व्हरचे काडतूस रायफलीत: तपकिरी अस्वलासाठी .४४ मॅग्नम पुरेल का?

देवदार (आयडाहो)

नमस्कार. मी आयडाहोत राहतो आणि हरणाच्या शिकारीसाठी .४४ मॅग्नमची लिव्हर-ॲक्शन कार्बाइन (खालची तरफ ओढून काडतूस भरायची आखूड रायफल) वापरतो. तिची नळी २० इंचांची आहे, वजन हलके आहे, दाट झाडीत ती चटकन खांद्याला लागते आणि शंभर यार्डांच्या आत तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आता अलास्कात तपकिरी अस्वलाच्या शिकारीला जाण्याचे घाटत आहे आणि हीच बंदूक न्यावी असा माझ्या एका सहकाऱ्याचा आग्रह आहे.

त्याचा युक्तिवाद असा: .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरने लोकांनी आफ्रिकेतली मोठमोठी जनावरेसुद्धा मारलेली आहेत. मिशिगनचे लॅरी केली तर त्यासाठीच प्रसिद्ध होते. मग तेच काडतूस लांब नळीतून सुटले तर वेग वाढतो, वेगासोबत ऊर्जा वाढते, आणि जे काम रिव्हॉल्व्हरने झाले ते रायफलीने अधिक चांगले झालेच पाहिजे. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण कुठेतरी पाणी मुरते आहे अशी मला शंका आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. लांब नळीमुळे या काडतुसाला प्रत्यक्षात किती फायदा होतो? तो फायदा मोठ्या हाडाच्या जनावरात खरोखर उपयोगी पडतो का? आणि .४५४ कासुल किंवा .५०० स्मिथ अँड वेसन यांसारखी आणखी जबर काडतुसे रायफलीत वापरली, तर उत्तर बदलते का? ही चर्चा परवान्याने होणाऱ्या कायदेशीर शिकारीपुरतीच असावी, ही विनंती.

लोहारकाम

देवदार, तुमच्या सहकाऱ्याच्या युक्तिवादातला पहिला भाग बरोबर आहे आणि दुसरा चुकीचा. वेग नक्की वाढतो. मात्र त्यातून जो निष्कर्ष त्यांनी काढला आहे, तो गोळीच्या बांधणीचा विचार केल्यावर टिकत नाही.

आधी वेगाचे पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र आणि नळी यांच्या मध्ये बारीक फट असते, तिच्यातून काही वायू निसटतो, आणि नळीही जेमतेम चार ते आठ इंचांची असते. .४४ मॅग्नममध्ये वापरली जाणारी दारू पिस्तुलाच्या मानाने सावकाश जळणारी असते, त्यामुळे एवढ्याशा अंतरात तिचे काम पुरे होत नाही. कार्बाइनमध्ये ती फट नाही आणि नळी लांब आहे. परिणामी २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचे वजन मोजण्याचे लहान एकक) जी गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,२०० ते १,३५० फूट वेगाने निघते, तीच कार्बाइनमधून सुमारे १,७६० फूट वेगाने निघते. तोंडाशी ऊर्जा १,६५० फूट-पौंडांच्या आसपास जाते. सोळा-अठरा इंचांच्या पुढे नळी कितीही लांबवली तरी फारसे काही हाती लागत नाही, कारण एवढीशी दारू तोवर जळून संपलेली असते. शिवाय ही गोळी आखूड आणि बोथट असल्याने हवेत तिचा वेग झपाट्याने उतरतो. शंभर यार्डांवर तो सुमारे १,३८० फूट उरतो आणि ऊर्जा १,००० फूट-पौंडांवर येते. म्हणजे नळीने जे कमावले त्यातले बरेचसे शंभर यार्डांत गेले.

आता खरा मुद्दा. दुकानात मिळणाऱ्या .४४ मॅग्नमच्या बहुतेक पोकळ टोकाच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगाला उमलतील, म्हणजे आत शिरताच पुढून पसरतील, अशा बेताने घडवलेल्या असतात. त्यांना चारपाचशे फुटांचा जास्तीचा वेग दिला की त्या लवकर आणि अधिक उमलतात, कधी फुटून विखुरतात, आणि म्हणून खोल जात नाहीत. हरणात याचा फायदाच होतो, कारण त्याची छाती अरुंद असते आणि हाडे हलकी असतात. अस्वलाच्या खांद्यात मात्र हाच गुण दोष ठरतो. अधिक वेगाने सुटलेली गोळी कमी खोल जाऊ शकते, हे सहजासहजी पटत नाही, पण त्याचा पुरावा बंदुकांच्या इतिहासातच आहे. मार्लिन कंपनीने १९६४ मध्ये .४४४ मार्लिन हे काडतूस आणले. त्याचे कवच .४४ मॅग्नमच्या १.२८५ इंचांच्या तुलनेत २.२२५ इंच लांब होते, आणि सुरुवातीच्या काडतुसांत .४४ मॅग्नमसारखीच २४० ग्रेनची गोळी बसवून तिला सुमारे २,३५० फूट वेग दिलेला होता. कागदावर आकडे झकास होते. तक्रारी आल्या त्या गोळी फुटण्याच्याच, आणि पुढे २६५ ग्रेनच्या अधिक मजबूत गोळ्या आल्यावर त्या काडतुसाला बरे दिवस आले.

दुसरी गोष्ट गोळीच्या लांबीची. गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या वर्गाच्या मानाने किती आहे याचा एक आकडा काढतात, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. बांधणी सारखी असेल, तर हा आकडा जितका मोठा तितकी गोळी खोल जाते. .४४ ची २४० ग्रेनची गोळी या हिशेबाने ०.१८६ भरते आणि ३०० ग्रेनची ०.२३३. त्याउलट .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाची २२० ग्रेनची गोळी ०.३३१ आहे आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंड या मोठ्या जनावरांच्या रायफलीच्या काडतुसाची ३०० ग्रेनची ०.३०५. हत्तींचे नामांकित शिकारी ‘कारामोजो’ बेल यांनी अनेक हत्ती ७ मिलिमीटरच्या रायफलीने मारले ही गोष्ट लोक नेमाच्या कौतुकासाठी सांगतात, आणि नेमाचा वाटा मोठा होताच. पण ते वापरत असलेली १७३ ग्रेनची न उमलणारी लांब गोळी याच हिशेबाने ०.३०६ भरते, म्हणजे .३७५ च्या बरोबरीची, हे सांगायचे राहून जाते.

केली यांच्यासारखे लोक रिव्हॉल्व्हर वापरत तेव्हा गोळी निवडून घेतलेली असे, अंतर फार थोडे असे, आणि अशा शिकारीत मोठी रायफल घेतलेला व्यावसायिक शिकारी शेजारी उभा असतो. त्या शेजारच्या रायफलीचा हिशेब तुमच्या सहकाऱ्याने धरलेला दिसत नाही.

कालवीट (अँकोरेज)

यंत्रशास्त्राची बाजू वर आली आहे, मी अलास्कातली बाजू सांगतो.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला येथे तपकिरी अस्वलाची शिकार स्वतंत्रपणे करता येत नाही. परवानाधारक मार्गदर्शक सोबत असावा लागतो, किंवा कायद्यात सांगितलेल्या जवळच्या नात्यातला येथील रहिवासी. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर मार्गदर्शकच देईल आणि .४४ ची कार्बाइन पाहून तो बहुधा नम्रपणे दुसरी बंदूक आणायला सांगेल. जखमी अस्वल ऑल्डरच्या झुडपांत शिरले तर त्याच्या मागे आधी त्याला जावे लागते, तुम्हाला नाही. तेथे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही.

येथे वाचणाऱ्या इतर मराठी मंडळींसाठी एक जोड, कारण ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना लागू पडते. जे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांत एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा एक आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. मित्राची बंदूक हातात घेण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

आता अस्वलाकडे. कोडियाक बेटावरचा पूर्ण वाढलेला नर सहाशे किलोंच्या पुढेही जातो. शरद ऋतूत त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो, त्याखाली खांद्याचे दणकट स्नायू आणि जाड हाड असते, आणि हे सगळे ओलांडून गोळीला फुप्फुसापर्यंत पोचायचे असते. अमेरिकी वनसेवेने १९८३ मध्ये अलास्कात काम करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निरनिराळी काडतुसे १५ यार्डांवरून झाडून गोळी किती खोल जाते, किती उमलते आणि तिचे किती वजन शिल्लक राहते, हे मोजले होते. .४५८ विंचेस्टर, .३७५ हॉलंड आणि .३३८ विंचेस्टर वरच्या गटात होती हे अपेक्षितच होते, पण साधी .३०-०६ सुद्धा २२० ग्रेनच्या गोळीसह त्यांच्या पंक्तीला बसली. .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर खूप खाली राहिले.

येथे मासेमारीला जाणारे अनेक लोक कमरेला .४४ बांधतात, हे खरे आहे. पण दोन्ही हात गळात गुंतलेले असताना काहीतरी जवळ असावे म्हणून ते आहे. संरक्षणासाठी जे हाताशी आहे ते वापरायचे असते. शिकारीत प्रसंग तुम्ही निवडता, वेळ तुम्ही निवडता, मग हत्यार तेवढे नाइलाजाचे का निवडावे?

रानवारा

वरील दोन्ही प्रतिसाद .४४ पुरते मला मान्य आहेत. पण मूळ प्रश्नाचा तिसरा भाग त्यांत हरवला, आणि ‘रिव्हॉल्व्हरचे काडतूस’ म्हटले की सगळे एकाच पारड्यात टाकण्याची जी प्रथा आहे, तिला माझा आक्षेप आहे.

काडतूस रिव्हॉल्व्हरचे की रायफलीचे, ही विभागणी मुळात तकलादू आहे. .४४-४० हे काडतूस विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीसाठी जन्मले आणि कोल्टने १८७८ पासून त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हर विकली, जेणेकरून माणसाला कमरपट्ट्यात एकाच प्रकारची काडतुसे बाळगता यावीत. .४५-७० हे सगळ्यांना आदरणीय वाटणारे रायफलीचे काडतूस आहे, पण जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली अजून वापरात असल्यामुळे त्याची प्रमाणित दाबमर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड एवढीच ठेवलेली आहे. .४४ मॅग्नमची ३६,००० आहे आणि .४५४ कासुलची ६५,०००, जी .३७५ हॉलंडपेक्षाही अधिक. दाब म्हणजे मारकशक्ती नव्हे हे मी जाणतो. सांगायचे इतकेच की नावावरून ताकद ठरत नाही.

.५०० स्मिथ अँड वेसन घ्या. हे २००३ मध्ये रिव्हॉल्व्हरसाठीच आले, आणि पुढे वायोमिंगमधील बिग हॉर्न आर्मरी या कंपनीने त्यासाठी खास लिव्हर-ॲक्शन रायफल तयार केली. रिव्हॉल्व्हरमध्येच ते २,५०० फूट-पौंडांच्या आसपास जाते. रायफलीच्या नळीतून ३५० ग्रेनची गोळी २,१०० फूट वेगाने सुटली असे धरले तर ऊर्जा ३,४०० फूट-पौंडांच्या पुढे जाते. मार्लिनमधून झाडल्या जाणाऱ्या .४५-७० च्या ३२५ ग्रेनच्या आधुनिक काडतुसाची ऊर्जा ३,०३० च्या आसपास आहे. जे लोक .४५-७० घेऊन अस्वलाच्या मागे जाणे योग्य मानतात, त्यांनी .५०० ला केवळ जन्माच्या दाखल्यावरून नाकारू नये. तिच्यात ४४० ग्रेनची कडक मिश्रधातूची सपाट टोकाची शिशाची गोळी घातली, तर ती उमलणार नाही, फुटणार नाही, आणि अर्ध्या इंचाचे भोक पाडत सरळ आत जाईल. लोहारकाम यांचा गोळीच्या बांधणीचा सगळा आक्षेप तेथे गळून पडतो.

लोहारकाम

रानवारा यांचे म्हणणे बरेचसे मान्य. कडक शिशाची सपाट टोकाची गोळी हाच या साऱ्या काडतुसांचा मार्ग आहे आणि .५०० ची रायफल मी .४४ च्या रांगेत बसवणार नाही. तरी तीन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

पहिली, ४४० ग्रेनची .५०० गोळीसुद्धा सेक्शनल डेन्सिटीत ०.२५१ च भरते. अस्वलाला ते चालेल. आफ्रिकी रेड्याच्या खांद्याला किंवा हत्तीच्या कवटीला चालेल असे मी म्हणणार नाही. नामिबियाच्या कायद्यात रेडा, हत्ती आणि गेंडा यांच्यासाठी तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा लागते, आणि कुडूसारख्या मोठ्या हरणांसाठी २,७००. रानवारा यांनी धरलेला .५०० चा आकडा सुमारे ४,६५० ज्यूल होतो. देवदार यांची .४४ कार्बाइन २,२४० ज्यूलच्या आसपास आहे, म्हणजे तेथे ती कुडूलासुद्धा अपुरी ठरते. .३७५ हॉलंड ५,७०० च्या पुढे आहे. ऊर्जेच्या आकड्यावर माझी भिस्त कमी आहे हे वर लिहिलेच आहे, पण कायदा ऊर्जेतच मोजतो.

दुसरी, या काडतुसांना ज्या लिव्हर-ॲक्शन बंदुकांत बसवतात, त्यांत काडतुसाच्या एकूण लांबीला मर्यादा असते. चक्राची जागा भरून काढणारी लांब नाकाची जड गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये छान बसते, पण लिव्हर ओढल्यावर काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर ती अडकते. कागदावरची गोळी आणि बंदुकीत प्रत्यक्ष चालणारी गोळी वेगळी असू शकते. सरावासाठी .४५४ च्या बंदुकीत आखूड .४५ कोल्ट वापरणाऱ्यांनी आणखी जपावे. आखूड कवचाच्या पुढे कोठीत (नळीत काडतूस बसते त्या जागेत) काजळी आणि शिशाचे कडे साठते, पुढे त्यावर लांब कवच दाबून बसते, दाब वाढतो आणि रिकामे कवच बाहेर निघताना अडते. सराव झाल्यावर कोठी ब्रशने स्वच्छ केली की हा प्रश्न राहत नाही, पण धोकादायक जनावरासमोर दुसरा बार अडला तर पहिल्या बाराचे सगळे गणित व्यर्थ आहे.

तिसरी, .५०० ची लिव्हर रायफल आणि .३३८ किंवा .३७५ ची बोल्ट रायफल (हाताने दांडा मागेपुढे करून भरायची) यांच्या वजनात आणि धक्क्यात फार मोठा फरक नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे मोल हलक्या, आखूड बंदुकीत आहे. तो हलकेपणा गेल्यावर त्याच वजनात दोनशे यार्डांपर्यंत सरळ जाणारे आणि अधिक खोल शिरणारे काडतूस मिळत असेल, तर आवडीपलीकडे कारण उरत नाही. आवड हे कारण मी कमी लेखत नाही, माझ्याकडेही अशा बंदुका आहेत.

गोंडवन (नागपूर)

मी शिकारी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला आहे आणि ते योग्यच झाले. जुन्या बंदुकांचा अभ्यासक म्हणून थोडी भर घालतो.

कमी वेगाची जड गोळी घेऊन धोकादायक जनावरासमोर जाण्याचा प्रयोग भारतात बराच आधी होऊन गेला आहे. कर्नल फॉसबेरी यांच्या कल्पनेवर हॉलंड अँड हॉलंडने १८८० च्या दशकात ‘पॅराडॉक्स’ नावाची दुनळी बंदूक आणली. नळी आतून छऱ्याच्या बंदुकीसारखी गुळगुळीत, आणि फक्त तोंडाकडच्या शेवटच्या काही इंचांत आटे, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या पिळदार खाचा. १२ बोअरमध्ये ती सुमारे ७४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,०५० फूट वेगाने फेकत असे. लोहारकाम यांच्या पद्धतीने हिशेब केला, तर त्या अजस्र गोळीची सेक्शनल डेन्सिटी ०.२० च्या आतच येते, म्हणजे .४४ च्या २४० ग्रेनच्या गोळीहून थोडीशीच वर. तरीही मचाणावरून वाघाला ती चांगली लागू पडे, कारण वाघ दोनशे-सव्वादोनशे किलोंचा आणि पातळ कातडीचा प्राणी आहे. भरीव अंगाच्या गव्यासाठी मात्र जाणते लोक लांब गोळीची जड दुनळी रायफल पसंत करीत.

‘धोकादायक’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळे प्रश्न लपलेले आहेत, असे मला यावरून वाटते. बिबट्या किंवा वाघ धोकादायक आहे तो वेगामुळे आणि नख्यांमुळे; त्याच्या अंगात गोळी शिरवणे कठीण नाही. गवा, रेडा आणि हत्ती यांच्याबाबत मुळात गोळी आत पोचणे हीच अडचण आहे. तपकिरी अस्वल या दोहोंच्या मध्ये, पण दुसऱ्या गटाकडे झुकलेले. .४४ वरचे वाद बहुधा म्हणूनच मिटत नाहीत, कारण एक जण पहिल्या गटातला अनुभव सांगत असतो आणि दुसरा दुसऱ्या गटातला.

देवदार (आयडाहो)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्याला हे सगळे वाचून दाखवले. ‘वेग वाढला की परिणाम वाढलाच’ हे म्हणणे त्याने मागे घेतले आहे, पण .५०० ची रायफल घ्यावी असा नवा हट्ट धरला आहे.

अलास्कासाठी माझ्या जुन्या .३०-०६ चा विचार करतो आहे. ही कार्बाइन येथे काळ्या अस्वलासाठी मात्र वापरायची इच्छा आहे. त्यासाठी ३०० ग्रेनची कडक शिशाची गोळी घ्यावी का? माझी मार्लिन १८९४ जुनी आहे आणि तिच्या आट्यांचा फेरा ३८ इंचांत एक असा आहे.

लोहारकाम

३८ इंचांत एक फेरा म्हणजे आटे फार संथ आहेत. २४० ग्रेनच्या गोळीला ते पुरतात, २६५ लाही बहुतेक वेळा पुरतात. ३०० ग्रेनची लांब गोळी मात्र त्या नळीतून पुरेशी गरगरत नाही आणि लक्ष्यावर आडवी-तिरपी आपटते. कागदावर भोके गोल न पडता लांबट पडली तर हेच कारण समजावे. रुगर या बंदूक कंपनीने मार्लिन घेतल्यानंतर आलेल्या १८९४ मध्ये २० इंचांत एक फेरा आहे, तेथे ही अडचण येत नाही. तुमच्या बंदुकीत २६५ ग्रेनच्या आसपासची, कडक किंवा जाड वेष्टणाची सपाट टोकाची गोळी घ्या. साधारण नव्वद-शंभर किलोंच्या काळ्या अस्वलासाठी, ऐंशी यार्डांच्या आत, ती पुरेशी आहे. आधी आपल्याच नळीतून कागदावर पाहून खात्री करा.

कालवीट (अँकोरेज)

.३०-०६ आणत असाल तर २२० ग्रेनची किंवा चांगल्या बांधणीची २०० ग्रेनची गोळी आणा आणि नेम त्याच काडतुसावर बसवून या. हरणासाठीच्या १५० ग्रेनवर बसवलेली दुर्बीण तशीच घेऊन येणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. मार्गदर्शक पहिल्या दिवशी तुम्हाला लक्ष्यावर गोळ्या झाडायला लावील. शिवाय ओल्या गवतात बसून, उभ्याने आणि धाप लागलेली असताना पन्नास यार्डांवर सराव करून या, कारण येथे टेबलावर बंदूक टेकवायला मिळणार नाही. सहकाऱ्याला त्याची .५०० खुशाल आणू द्या, फक्त तिच्या काडतुसांबद्दल मार्गदर्शकाशी आधी पत्रव्यवहार करायला सांगा, कारण येथल्या लहान गावांतल्या दुकानांत .३०-०६ सहसा मिळते, .५०० मिळेलच असे नाही.